सव्वा लाख अंकांची साक्ष

यंत्र ठणठणीत होतं. अधूनमधून त्याची इलेक्ट्रॉनिक तपासणी व्हायची आणि दर वेळी सगळं जागच्या जागी असल्याचं दिसायचं. दर सेकंदाला एक आकडा बाहेर पडत होता. महिनाभर त्याच्या जुळणीत कुणी हात घातला नव्हता, कारण तशी गरजच दिसत नव्हती. तरीही ते उतरत चाललं होतं. हे कोणत्याही मीटरला कळलं नाही. त्याच्यातून बाहेर पडलेल्या आकड्यांनीच त्याची चुगली केली.

ही गोष्ट १९४७ सालच्या मे-जून महिन्यांतली आहे. ठिकाण कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका. डग्लस एअरक्राफ्ट या विमान कंपनीच्या छत्राखाली आदल्या वर्षी ‘प्रोजेक्ट रँड’ सुरू झाला होता. पुढे १९४८ मध्ये तो वेगळा होऊन रँड कॉर्पोरेशन झाला. तिथल्या गणितज्ञांना एक वस्तू हवी होती आणि ती बाजारात कुठेच मिळत नव्हती, म्हणून ती त्यांनी घरच्या घरी करून घेतली. वस्तूचं काम ऐकायला अगदी सोपं आहे. शून्य ते नऊ यांतला एक अंक काढायचा, मग पुन्हा एक काढायचा, असे दहा लाख काढायचे. अट एकच: पुढचा अंक कोणता येणार हे कुणालाही, आधीचे सगळे अंक समोर ठेवूनसुद्धा, सांगता येता कामा नये.

अशा अंकांना आपल्या पाठ्यपुस्तकांत यादृच्छिक अंक म्हणतात. शब्द जड वाटतो, पण मला तो आवडतो. यदृच्छा म्हणजे कुणी न घडवता आपसूक घडलेलं. आणि खरी अडचण नेमकी तीच आहे. जे कुणी घडवायचं नाही, ते घडवणारं यंत्र बांधायचं कसं?

दहा लाख निरर्थक आकडे कुणाला कशाला हवे असतात? १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढायला गेलं तर डोकं फुटायची वेळ येते. मग तोच डाव शंभरदा मांडून किती वेळा सुटतो हे मोजलं तर? हीच युक्ती अणुगर्भातून सुटलेल्या न्यूट्रॉनच्या प्रवासालाही लागू पडते, हे त्याच्या आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या लक्षात आलं. न्यूट्रॉन इथे आदळेल की पुढे जाईल, आदळला तर कुठल्या दिशेला वळेल, हे प्रत्येक वळणावर चिठ्ठी टाकून ठरवायचं. असे हजारो न्यूट्रॉन कागदावर धावडवले की खऱ्या न्यूट्रॉनांचं चित्र हाती येतं. या पद्धतीला जुगाराच्या शहरावरून मॉन्टे कार्लो हे नाव पडलं. ती जन्मली बॉम्बच्या सावलीत, हे विसरू नये. आज मात्र कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा किती द्यायची याचा हिशेबही तिच्यावर केला जातो.

चिठ्ठ्या टाकायच्या तर चिठ्ठ्यांचा साठा हवा. तयार कोष्टकं अगदीच नव्हती असं नाही. इंग्लंडमध्ये टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतले आकडे उचलून ४१,६०० अंकांचं कोष्टक छापलं होतं. १९३९ मध्ये केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी एक लाख अंक दिले. त्यांची रीत पाहण्यासारखी होती. दहा भाग पाडलेली एक चकती गरगर फिरवायची, क्षणभर प्रकाश चमकवायचा आणि त्या झोतात समोर दिसेल तो अंक लिहून घ्यायचा. पण बघणारा शेवटी माणूसच. वाचन करणाऱ्यांपैकी एकाचे अंक विशिष्ट बाजूला झुकलेले निघाले. त्याने लबाडी केली नव्हती. त्याचे डोळेच त्याच्या नकळत निवड करत होते. तुमच्याजवळ कुणी बसलं असेल तर त्याला मनाला येतील तसे पन्नास अंक सांगायला लावा. एकाच अंकापाठोपाठ तोच अंक सांगायला माणूस कचरतो. यदृच्छेला असा संकोच नसतो.

म्हणून रँडच्या यंत्रात डोळा ठेवायचाच नाही असं ठरलं. आत होता विद्युत ठोक्यांचा एक उगम. सेकंदाला सरासरी सुमारे एक लाख ठोके, पण दोन ठोक्यांमधल्या अंतराला ताल नाही. हे ठोके पाच पायऱ्यांच्या द्विमान गणकात जात. दोनाचा पाचवा घात बत्तीस, म्हणजे गणकाला बत्तीस घरं. एकेका ठोक्याला तो एक घर पुढे सरकणार, बत्तिसावं झालं की पुन्हा पहिलं. जुगारघरातलं फिरतं चक्रच म्हणा, फक्त विजेचं. दर सेकंदाला एक नियमित इशारा येई आणि त्या क्षणी चक्र कुठल्या घरात आहे ते टिपलं जाई. दोन टिपणांमध्ये चक्राच्या सुमारे तीन हजार फेऱ्या होऊन जात.

या तीन हजार फेऱ्यांतच सगळी मेख आहे. ठोके खरोखर बेताल असतील तर दर सेकंदाला नेमके एक लाख येणार नाहीत. कधी दोन-तीनशे जास्त, कधी तितकेच कमी. एका फेरीला फक्त बत्तीस ठोके लागतात, म्हणजे तीनशेंचा फरक हा जवळजवळ दहा फेऱ्यांचा फरक झाला. चक्र कुठल्या घरात थांबेल याचा मागमूस त्यात पार पुसला जातो. ज्याने कुणी हे आकडे जुळवले, त्याच्या हिशेबाला मी मनापासून दाद देतो.

बत्तीस घरांचे दहा अंक कसे करायचे? वीस घरं ठेवली, बारा टाकून दिली. उरलेल्या वीस संख्यांपैकी दोन अंकी संख्येचा फक्त शेवटचा अंक घ्यायचा. म्हणजे प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर दोन घरं आली. तो अंक थेट आयबीएमच्या पंचिंग यंत्रात जाई आणि कार्डावर भोक पडे. मध्ये माणूस कुठेच नाही. बत्तिसातली बारा टिपणं वाया जाणार हे धरलं तर दहा लाख अंकांना सोळा लाख सेकंद लागतात. म्हणजे अहोरात्र चाललं तरी साडेअठरा दिवस.

यंत्र सुरू झालं. आकडे आले. आणि ते वाईट निघाले.

वाईट म्हणजे काय, हे सांगायला थोडं थांबायला हवं. सात, तीन, तीन, शून्य, आठ. हे पाच अंक चांगले की वाईट? या प्रश्नाला उत्तरच नाही. एकेकटा अंक निर्दोष असतो. दोष सापडतो तो गर्दीत. महाभारतातला नळ आठवा. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून त्याची पानं आणि फळं किती ते सांगितलं. नळाने मान डोलावली नाही. तो रथातून उतरला, झाड पाडलं आणि मोजून पाहिलं. मोजणी जुळली, तेव्हा कुठे त्याने राजाकडून अक्षविद्या घेतली. फासे तर बेहड्याच्याच फळांचे असत, आणि त्यांची विद्या मिळण्याआधी कथेत मोजणी येते. मला ही जागा फार अर्थपूर्ण वाटते.

अलीकडच्या काळात असा मोजणारा माणूस म्हणजे वेल्डन. १८९४ साली या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने बारा फाशांचे २६,३०६ डाव टाकल्याचे आकडे मांडले. एकूण ३,१५,६७२ फाशांवर पाच किंवा सहा किती वेळा यायला हवेत? एक तृतीयांश, म्हणजे १,०५,२२४. आले १,०६,६०२. फरक शंभरात अर्धासुद्धा नाही. दोन-चारशे डावांत तो कुणाच्या बापाला दिसला नसता. पण तीन लाखांच्या गर्दीत एवढा फरक नुसत्या नशिबाने पडत नाही. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली अपेक्षित आणि प्रत्यक्ष मोजणीतली तफावत एका आकड्यात मांडणारी काय-वर्ग कसोटी दिली, तेव्हा त्यांनी वेल्डन यांचे हे आकडे तिच्यावर घासून दाखवले आणि फासे दोषी ठरले.

रँडच्या लोकांनी आपल्या यंत्राला हीच कसोटी लावली. पहिल्या उत्पादनात नशिबाच्या माथी मारता येणार नाही असा कल निघाला. अभियंत्यांनी मंडलं बदलली, पुन्हा आकडे काढले, पुन्हा तपासले. हे एकदा नव्हे, बऱ्याचदा झालं. अखेर समाधान वाटेल असे अंक मिळू लागले, तेव्हा मे-जूनमध्ये मुख्य दहा लाखांचं कोष्टक काढण्यात आलं. वीस हजार कार्डं, प्रत्येकावर पन्नास अंक.

काम झालं असं म्हणून कुणीही उठलं असतं. ते उठले नाहीत. त्यांनी पूर्ण कोष्टक पुन्हा मोजायला घेतलं, आणि त्यात सव्वा सव्वा लाख अंकांच्या दोन तुकड्या शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली तुकडी यंत्राची जुळणी काळजीपूर्वक करून लगेच काढलेली. दुसरी, यंत्र महिनाभर हात न लावता अखंड चालल्यानंतरची. पहिलीतली असमानता नशिबाच्या चढउतारात बसत होती. दुसरीतली बसत नव्हती. अंकांची वाटणी बिघडली होती, सम-विषमांचा तोलही ढळला होता.

सव्वा लाखच का, हे बघा. नाणं शंभरदा उडवलं तर छापे पन्नासच्या आगेमागे पाचांनी सहज हलतात, म्हणून ५१ आणि ४९ यातून काहीच कळत नाही. सव्वा लाख वेळा उडवलं तर स्वाभाविक हलणं पावणेदोनशेच्या आसपास असतं. शंभरात एकाचा कल असेल तर फरक साडेबाराशेचा पडतो, आणि तो लपत नाही. शंभर अंकांनी जे कधीच कबूल केलं नसतं, ते सव्वा लाख अंकांनी स्पष्ट सांगितलं: यंत्र महिन्याभरात झिजलं आहे. मधल्या काळातल्या तपासण्यांनी तर सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं. त्या तपासण्या खोट्या नव्हत्या. व्होल्टेज बरोबर आहे का, ठोका नीट उमटतो का, याची उत्तरं त्यांनी दिली. बत्तीस घरांना समान न्याय मिळतो का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीटर लावून ते विचारताही येत नाही.

आता पुढे काय? यंत्र पुन्हा उघडायचं, आणखी जुळवायचं आणि पुन्हा महिना घालवायचा, हा एक मार्ग होता. पण सगळ्या कसोट्यांमधली सर्वांत मोठी तफावतसुद्धा शंभरात दोनाहून कमी होती. तेव्हा यंत्राला त्यांनी आणखी त्रास दिला नाही आणि कार्डंही फेकली नाहीत. औषध काढलं ते इयत्ता पहिलीतल्या बेरजेतून.

प्रत्येक कार्डावरचा अंक आदल्या कार्डावरच्या त्याच जागेच्या अंकात मिळवायचा आणि हातचा सोडून द्यायचा. सात आणि आठ पंधरा, म्हणून पाच. तीन आणि चार सात. झालं.

एवढ्याने काय होतं ते सम-विषमावर पाहू. समजा हजारात ५१० अंक विषम येतात आणि ४९० सम. असे दोन अंक मिळवले तर बेरीज सम केव्हा येते? दोन्ही सम असले किंवा दोन्ही विषम असले तर. गुणाकार करून पाहा: हजारात ५००.२. म्हणजे हजारी दहाचा कल एका बेरजेत हजारी ०.२ वर आला, पन्नासपट खाली! दोन वाकड्या काठ्या एकत्र बांधल्या तर सरळ होत नाहीत. दोन किंचित झुकलेले अंक मात्र मिळवले की जवळपास सरळ होतात. यंत्र दुरुस्त झालं नाही, पण त्याचा दोष आकड्यांतून धुऊन निघाला. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं पाऊल वाटतं.

धुतलेलं कोष्टक पुन्हा तराजूत गेलं. प्रत्येक अंक एक लाख वेळा यायला हवा होता. सर्वांत जास्त आला दोन, १,००,६४१ वेळा. सर्वांत कमी नऊ, ९९,२८० वेळा. काय-वर्ग १३.३. निर्दोष यंत्रालाही शंभरात पंधरा वेळा याहून मोठा आकडा मिळेल. म्हणजे पास. मग पाच-पाच अंकांचे दोन लाख गट पाडून पत्त्यांच्या हातांसारखे तपासले. पाचही अंक वेगळे असलेले गट ६०,४८० अपेक्षित होते, निघाले ६०,४७९. पाचही सारखे असलेले वीस अपेक्षित होते, निघाले अठरा. म्हणजे सात-सात-सात-सात-सात अशा चेहऱ्याचे अठरा गट त्या कोष्टकात बसलेले आहेत. त्यांच्याकडे पाहून कुणाचाही हात खोडरबराकडे जाईल. तो तिथेच थांबवावा लागतो. संशयास्पद दिसतात म्हणून ते काढले असते तर कोष्टक गुळगुळीत दिसलं असतं आणि खोटं झालं असतं.

या कामाचा इतिहास जॉर्ज ब्राउन यांनी १९४९ मध्ये लिहून ठेवला. ‘अ मिलियन रँडम डिजिट्स’ हे पुस्तक १९५५ साली आलं: चारशे पानं, प्रत्येक पानावर पन्नास ओळी, प्रत्येक ओळीत पन्नास अंक, आणि जोडीला एक लाख प्रसामान्य विचलनांचं कोष्टक. प्रस्तावनेत रँडच्या लोकांनी यंत्राचं उतरणं लपवलेलं नाही. सव्वा लाखांच्या दोन्ही तुकड्यांचे निकाल तिथे छापलेले आहेत. मुद्रितशोधनाबद्दलही सरळ लिहिलं आहे: असल्या कोष्टकात छपाईची एखादी सुटी चूक शोधत बसण्याची गरज नाही, म्हणून पद्धतशीर चुकांसाठी सगळ्या पानांवरून नजर फिरवली आणि काही ठरावीक पानंच अंकागणिक ताडून पाहिली. यंत्राचा कल मात्र त्यांनी महिनोन्महिने शोधला. चुकून पडलेला वेडावाकडा अंक निरुपद्रवी असतो. झुकलेला अंक हजारो न्यूट्रॉनांना खोट्या वाटेने नेतो.

आज हे यंत्र कुणालाही घरच्या टेबलावर करता येतं. झेनर डायोड उलटा जोडून त्याच्या मोडविभवाच्या जरा वर ठेवला की त्यातून खरखर निघते. ती वाढवून छोट्या मायक्रोकंट्रोलरला दिली की शून्य-एक पडू लागतात. आपल्याकडची अनेक हौशी मुलं-मुली हे करतात आणि पहिल्या संध्याकाळी पडद्यावर गोंधळ दिसला की खूश होतात. त्या गोंधळात घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण मिसळलेली असू शकते. खोली तापली, बॅटरी उतरली की उंबरठा सरकतो आणि एक जास्त पडू लागतात. डोळ्याला यातलं काहीही दिसत नाही.

त्यावर फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये छापलेली युक्ती अजूनही कामाची आहे. आकडे जोडीजोडीने घ्या. एक-शून्य आला तर एक लिहा, शून्य-एक आला तर शून्य लिहा, दोन्ही सारखे आले तर जोडी टाकून द्या. नाणं कितीही झुकलेलं असो, या दोन जोड्यांची संधी सारखीच असते. किमान निम्म्या जोड्या वाया जातील, पण जाऊ द्या. मात्र एक आकडा पुढच्याला ओढत असेल, गुणगुणीमुळे ओढतोच, तर ही युक्ती वाचवणार नाही. तिथे पुन्हा मोजणीच.

तेव्हा असं यंत्र कराल तर त्याला महिनाभर चालू ठेवा. पहिल्या दिवशीचे सव्वा लाख आकडे एका फाइलीत ठेवा, तिसाव्या दिवशीचे दुसऱ्या. एकही आकडा खोडू नका. मग दोन्ही मोजा आणि जे निघेल ते, वाईट निघालं तरी, तसंच लिहून ठेवा.